बिनआवाजाचं जाकीट

दुकानदाराने शेवटी हात टेकले. या बाईला नक्की हवंय तरी काय, हेच त्याला कळेना. सायकलवर घालायला जाकीट हवं, पाऊस आत येता कामा नये, वारा लागता कामा नये, इथवर ठीक होतं. पण बाई जाकीट अंगात घालायची, आरशाकडे पाठ करायची, डोळे मिटायची आणि दोन्ही हात मागेपुढे हलवत दुकानभर फिरायची.

"होतंय का बरोबर?" त्याने बिचकत विचारलं.

"शूऽऽ! ऐकू द्या जरा."

आता जाकिटाचं काय डोंबल ऐकायचं, असं तुम्हीही म्हणाल. पण बाईंचं कामच तसं होतं. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत त्या तान्ह्या मुलांचे कान तपासायच्या. मूल आईच्या मांडीवर बसवायचं. समोर मदतनीस बाईने खेळणं नाचवून त्याचं लक्ष धरून ठेवायचं. मग बाईंनी मागून, मुलाच्या नजरेआड हात नेऊन, हळूच खुळखुळा वाजवायचा. मूल वळलं तर ऐकू आलं. वाटतं सोपं, पण मुलं भारी लबाड असतात हो! सावली हलली तरी वळतात, अत्तराचा वास आला तरी वळतात, कुणाची बांगडी किणकिणली तरी वळतात. त्यामुळे त्या खोलीत आयांना बांगड्या काढायला लागायच्या आणि आज्यांना खोकायची चोरी. सगळं इस्पितळ बाईंना चूपबाई म्हणायचं. तोंडावर नाही अर्थात. पण बाईंना ते माहीत होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडायचंही.

तर या चूपबाई कामाला जायच्या सायकलने. वर्षानुवर्षं, उन्हापावसात. त्यात वैताग एकच, कपड्यांचा. जुना रेनकोट घातला की बाहेरून पाऊस आणि आतून घाम, दोन्हीकडून आंघोळ. शिवाय पिशवीत कोरडा जोड न्यायचा आणि तो झाडू-बादल्यांच्या खोलीत एका पायावर उभं राहून बदलायचा. विजारीचा पाय ओल्या फरशीला लागला की दिवसाचं वाटोळं. म्हणून यंदा त्यांनी ठरवलं होतं, रोज घालता येईल असं एकच धड जाकीट घ्यायचं. पहिलं आणलं ते पाण्याला पक्कं, पण हात हलला की वेफर्सचं पाकीट फोडल्यासारखं कुरकुरायचं. ते परत. दुसरं सशासारखं मऊ, पण पहिल्याच सरीला खांद्यातून गळायला लागलं. तेही परत. नवरा म्हणाला, "अगं, आपलं लग्नसुद्धा एवढं पारखून नाही गं केलंस."

"म्हणून तर आता पारखतेय," त्या म्हणाल्या.

दुकानदाराने आतून एक राखाडी जाकीट आणलं. शर्टासारखी कॉलर, वाकलं तरी कंबर उघडी पडू नये म्हणून पाठीकडून जरा लांब, काखेत वारा खेळायला चेन. त्याने त्यावर पेलाभर पाणी ओतलं, थेंब गोळा होऊन घरंगळून गेले. "सायकलचं आहे हे कुणाला कळणारसुद्धा नाही. घरातून घालून निघा, कामावर तेच घालून बसा. काढायची गरजच नाही! आणि ही गंमत बघा." त्याने बाहीचं टोक उलटं दुमडलं. आत रुंद चंदेरी पट्टी होती. "अंधारात, धुक्यात ही बाहेर काढायची, गाडीवाल्यांना लांबून दिसता. आत घातली की साधी बाही."

बाईंनी पट्टीकडे धड पाहिलंही नाही. डोळे मिटले, हात हलवले, दुकानभर फिरल्या. आवाज नाही. अजिबात नाही. त्यांना इतका आनंद झाला, की घरी जाईपर्यंत त्यांनी ते अंगातून काढलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं आणि बारीक पाऊस. बाईंनी पट्ट्या बाहेर काढल्या, सायकल दामटली आणि ठणठणीत कोरड्या अंगाने इस्पितळात शिरल्या. झाडू-बादल्यांच्या खोलीसमोरून जाताना तिच्याकडे बघून त्यांनी चक्क नाक मुरडलं. तपासणीच्या खोलीत गारठा होता, म्हणून जाकीट अंगातच राहू दिलं. काढायची गरजच नाही, दुकानदाराने सांगितलंच होतं.

पहिलीच आली ती टिल्ली. आठ महिन्यांची, गोबरी, सतत काहीतरी चघळणारी. बरोबर आई आणि आजी, म्हणजे सासू-सून.

"मॅडम, दार आपटलं तरी ही झोपेतून उठत नाही," सून हळूच म्हणाली.

"गाढ झोप आहे हो तिला, बापावर गेलीय," सासू म्हणाली. "हाक मारली की हसते, मग न ऐकता हसते का? हिच्या मनात उगाच भूत शिरलंय. उद्या सकाळच्या गाडीने आम्ही कायमचं मुलाकडे निघालोय, लांब बदली झालीय त्याची. म्हटलं जाण्याआधी एकदाचा निकाल लागू दे. राहतोही जवळच, पुलापलीकडे, बेकरीच्या वरच."

सुनेने बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या, मदतनीस बाईने लाल बदक नाचवलं, खोली चिडीचूप झाली. बाईंनी उजवीकडून हात पुढे नेऊन खुळखुळा वाजवला. टिल्ली वळली. डावीकडून वाजवला. टिल्ली वळली. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे, दर वेळी अगदी झटकन.

"ऐकू येतंय हो हिला," चूपबाई म्हणाल्या.

"ऐकलंस?" सासू सुनेकडे वळली. "इतके महिने डोकं खाल्लंस माझं!"

सुनेने पर्समधून एकेक बांगडी काढून हातात घातली, लेकीला उचललं आणि सासूच्या मागोमाग निघून गेली. त्यानंतर दिवसभर दुसऱ्या खोलीत मोठ्या माणसांच्या तपासण्या होत्या. बाई आपल्या कामाला लागल्या.

संध्याकाळी त्या पट्ट्या मिरवतच घरी आल्या, तेव्हा नवरा कोचावर बसून कानाला हेडफोन लावून मॅच बघत होता. दाराकडे पाठ. बाई त्याच्या मागे उभ्या राहून बाहीतून हात काढायला लागल्या, तोच त्याने झटकन मान वळवली.

"काय चमकलं गं?"

बाई तशाच थांबल्या. जाकीट पुन्हा अंगात सारखं केलं. तो मॅचकडे वळल्यावर त्यांनी डावा हात त्याच्या कानाच्या रेषेत हळूच पुढे नेला. तो डावीकडे वळला. उजवा नेला. तो उजवीकडे वळला.

"काय लावलंयस हे?"

"तुम्हाला काही ऐकू आलं का आत्ता?"

"कानात हे घालून? डोंबल ऐकू येतंय!" त्याने हेडफोन काढला. "ती तुझी चांदी डोळ्यांच्या कोपऱ्यात मारते की. बंद कर ना."

बाईंनी बाहीकडे पाहिलं. सकाळी तपासणीआधी पट्ट्या आत घातल्या होत्या? आठवेना. मग आठवलं. घातल्या नव्हत्या. आवाज, आवाज करत त्यांनी तीन-तीन जाकिटं पारखली होती, आणि डोळा साफ विसरल्या होत्या. ज्या बाईने जन्मभर लोकांच्या बांगड्या उतरवल्या, ती स्वतः हातात आरसा बांधून मुलामागे उभी राहिली होती!

"ऐकूनही वळली असेल की," सगळं कळल्यावर नवरा म्हणाला. "कशावरून नाही?"

"तेच ना! कशावरून आहे आणि कशावरून नाही? मला काहीच कळलेलं नाहीये आणि मी निकाल देऊन मोकळी झालेय."

त्यांनी चहा टाकला आणि न पिता ओतून दिला. भाजी चिरायला घेतली आणि अर्धी तशीच टाकली. खिडकीशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. बाहेर पाऊस वाढत होता. उद्या सकाळी ती माणसं निघणार. तिकडे नवीन गाव, नवीन घर, आणि त्या सुनेने पुन्हा कानाचं नाव काढलं तर सासू म्हणणार, मोठ्या इस्पितळातल्या बाईने सांगितलंय. झालं, तोंड बंद! पोरगी बोलायला लागणार नाही तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात येईल, आणि तोवर शिकायचं वय निघून गेलेलं असेल. हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर बाईंनी त्याला उभं-आडवं झोडपलं असतं.

"घरी जाऊन चूक कबूल करणार?" नवरा म्हणाला. "वाट्टेल ते बोलतील गं. वर तक्रार केली तर?"

"करू देत."

"मग मी येतो बरोबर."

"नको. दोघं गेलो तर पोलीस आल्यासारखं वाटेल."

त्यांनी रागारागाने दोन्ही पट्ट्या आत कोंबल्या, चुकूनसुद्धा दिसू नयेत अशा, आणि सायकल काढली.

पाऊस नुसता झोडपत होता. आणि जाकीट! मेलं एक थेंब आत येऊ देईना. बाईंना त्याचाही संताप आला. निदान भिजले असते तर बरं वाटलं असतं, असं काहीतरी वेड्यासारखं त्यांच्या मनात आलं. काय सांगायचं, सुरुवात कुठून करायची, याची जुळवाजुळव करता करता त्या पुलावर आल्या, तोच मागून ब्रेक करकचले. एक गाडी हँडलला घासून गेली. ड्रायव्हरने काच खाली केली. "अहो बाई, दिसत नाही तुम्ही! मरायचंय का?"

तरी बाईंनी पट्ट्या बाहेर काढल्या नाहीत. हातच होईना.

बेकरीच्या वरच्या घराचं दार सासूने उघडलं. मागे बॅगा भरून ठेवलेल्या, गाद्यांची वळकटी बांधलेली. बाईंनी ओलं जाकीट बाहेरच्या कठड्यावर टाकलं आणि उंबऱ्यातच सांगून टाकलं. सगळी जुळवाजुळव फुकट गेली, शब्द भलत्याच क्रमाने बाहेर पडले. पट्टी, खुळखुळा, नवरा, मॅच. पण शेवटचं वाक्य सरळ आलं. "सकाळी मी जे सांगितलं ते धरू नका. माझी चूक झाली. उद्या निघू नका, पुन्हा तपासू या."

"वा!" सासू कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सकाळी एक, संध्याकाळी एक! तिकिटं काढलीत आम्ही. तुमच्या जाकिटापायी माझ्या नातीला बहिरी ठरवता?"

"ठरवत नाहीये, आजी. मला माहीत नाही, एवढंच सांगायला आलेय."

"मला माहीत आहे ना! थांबा, दाखवतेच तुम्हाला." सासू तरातरा आत निघाली. टिल्ली आईच्या मांडीवर बसून डब्याचं झाकण चघळत होती. सासू हाक मारायला तिच्यासमोर जाऊन उभी राहणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, "समोरून नको. मागून मारा."

"मागून तर मागून." सासू सुनेच्या पाठीमागे गेली. "टिल्ले!"

टिल्ली झाकण चघळत राहिली.

"लक्ष नाही तिचं. टिल्ले! ए टिल्लाबाई!"

झाकण एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. सुनेने डोळे मिटून घेतले. सासूने एकदा बाईंकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि अशी हाक मारली, की खालून बेकरीवाला ओरडला, "काय झालं हो, आजी?" टिल्लीने झाकण उलटं करून त्याची दुसरी बाजू चघळायला घेतली.

सासू हळूहळू पुढे आली. ती दिसताच टिल्ली खुदकन हसली, दोन्ही हात वर केले, झाकण खाली पडलं.

"रोज अशीच हसते," सासू म्हणाली. "हाक मारली की." रोज हाक मारत ती समोरूनच येत होती, हे तिघींनाही एकदमच कळलं.

सून रडत नव्हती. तिने फक्त लेकीचं डोकं छातीशी धरलं होतं. सासू खाली बसली, पडलेलं झाकण उचलून पदराने पुसत राहिली, पुसतच राहिली.

"सकाळी मी तुला म्हटलं ना, डोकं खाल्लंस म्हणून..."

"जाऊ द्या, आई."

"जाऊ द्या काय? तू सांगत होतीस आणि मी..." मग ती नाक ओढून बाईंकडे वळली. "होतं ना हो काही यावर? का नाही?"

"होतं. अजून पक्कं काहीच नाही, नीट तपासायला हवं. पण निघालंच काही, तर एवढ्या लहानपणी यंत्र लावता येतं. शिकतात मुलं, बोलतातसुद्धा. उद्या सुट्टी आहे, तरी मी खोली उघडून घेते."

"त्याला फोन लाव गं," सासू सुनेला म्हणाली. "म्हणावं, आम्ही येत नाही उद्या. आणि कारण विचारलं तर मला दे, मी सांगते."

बाई जिन्यात आल्या. अजून कुणी त्यांना चांगलं म्हटलं नव्हतं की वाईट म्हटलं नव्हतं, आणि विचारायचा धीर त्यांना नव्हता. कठड्यावरचं जाकीट झटकून त्या अंगात घालत होत्या, तेवढ्यात सून बाहेर आली. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. उद्यासाठी आत्ताच काढून ठेवल्या असाव्यात.

तिने बाईंचा उजवा हात धरला आणि बाहीत कोंबलेली पट्टी उलटी करून बाहेर काढली. मग डाव्या हाताची. बोटाने दाबून दोन्ही नीट बसवल्या.

"बाहेर अंधार आहे, मॅडम," ती म्हणाली. "सांभाळून जा. उद्या आम्हाला तुम्ही हव्या आहात."