वेचिले

छगन गुरुजी ओट्यावरून वाकले आणि तंबाखूची पिचकारी त्यांनी थेट मोरीच्या तोंडाशी मारली. कलाबाईने सकाळीच तिथे बसून भांडी घासली होती, खराट्याने फरशी धुतली होती. तपकिरी ओघळ फरशीवरून सावकाश खाली उतरला. प्लेगच्या सालानंतर सुरतेच्या या गोडादऱ्यात रस्त्यावर थुंकलं तर पालिकेचा माणूस दंड करायचा. पण घरी आलेल्या पाहुण्याला कोण दंड करणार? तिने मुकाट्याने त्यावर बादली ओतली.

गुरुजी मुलाकडचे, मुलाचे काका. शिरपूरकडच्या एका खेड्यात शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. आता मुलगा म्हणायचं म्हणून म्हणायचं. सुपडू चाळिशीला टेकला होता, एक काडीमोड होऊन बसला होता, आणि या घडीला खाटेवर बसून काडेपेटीच्या काडीने कान कोरत होता. काडी बाहेर काढून तो तिचं टोक निरखायचा, मग चादरीला पुसायचा. चादर नवी होती. आजच्यासाठीच कलाबाईने ती पेटीतून काढली होती, आणि आता ती आपल्याच कर्माला शिव्या देत होती.

बोलणी साटंलोट्याची होती. कलाबाईची लेक हर्षदा सुपडूच्या घरात जायची आणि सुपडूची धाकटी बहीण कुंदन कलाबाईच्या लेकाची, भूपेंद्रची बायको होऊन या घरात यायची. ना हुंडा, ना मानपान. कलाबाईचा नवरा सुकलाल आठवडाभर कापडाच्या लूमखात्यात सगळ्यांना हेच ऐकवत होता, जसं काही त्याने मोठा गड सर केला. भूपेंद्रची तिशी उलटली होती. लूमच्या चाकात उजव्या हाताची दोन बोटं गेल्यापासून त्याच्यासाठी एक धड स्थळ आलं नव्हतं. कुंदनला त्याने चलथाणच्या एका लग्नात पाहिलं होतं. पंगतीत वाढताना तिने त्याच्या हाताकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही, एवढ्यावर तो खूश होता. परवा त्याने नवा शर्ट घेतला, मिशी कोरून घेतली. लेकाला असं आरशात बघताना कलाबाईने किती वर्षांनी पाहिलं होतं. म्हणून तर सुकलालने विचारलं तेव्हा ती बरं म्हणाली होती.

हर्षदाने फक्त एक मागितलं होतं, बारावीची परीक्षा होऊ द्या. त्यावर कोणी हो म्हणालं नाही आणि कोणी नाहीही म्हणालं नाही. पाहुणे मात्र पोहे खाता खाताच सांगून मोकळे झाले की लग्न होळीच्या आत उरकायचं.

पोहे खाऊन गुरुजींनी तेलकट बोटं धोतराला पुसली आणि हर्षदाला समोर बसवलं. आधी चालून दाखव म्हणाले. मग हसून दाखव म्हणाले, आणि मान वाकडी करून तिचे दात बघितले. गुरांच्या बाजारात असंच तोंड उघडून बघतात. सुपडूही कान सोडून बघायला लागला. सुकलाल बाजूला उभा राहून हें हें करत होता, आणि त्या हसण्याची कलाबाईला गुरुजींच्या थुंकीपेक्षा जास्त किळस आली.

मग गुरुजींना शंका आली की गुजराती शाळेत शिकलेल्या पोरीला मराठी वाचता तरी येतं का. सणावाराला घरात पोथी कोण वाचणार? सुकलालने धावत जाऊन फळीवरचं भूपेंद्रचं जुनं मराठीचं पुस्तक आणलं. भूपेंद्र मराठी शाळेत शिकलेला. हर्षदाच्या वेळेला सुकलालला शहाणपण सुचलं होतं की सुरतेत राहायचं तर गुजरातीच बरी.

गुरुजी जिभेवर बोट ओलं करून एकेक पान उलटत गेले आणि एका कवितेवर थांबले. जुनी कविता. त्यांच्या पिढीला सगळ्यांना पाठ, आणि प्रत्येक मास्तर ती शिकवताना आयुष्यातल्या निवडीवर दोन तास घ्यायचा. हर्षदाने ओल्या कोपऱ्याला हात न लावता पुस्तक धरलं आणि अडखळत, पण स्वच्छ वाचलं.

"ओंजळ होती एकच माझी, सडे पसरले दोन;
जे वेचिले ते माझे झाले, उरले त्यांचे कोण?"

"अर्थ सांग," गुरुजी म्हणाले.

हर्षदाने क्षणभर विचार केला. ती घाबरली नव्हती, हे कलाबाईला दिसत होतं. शाळेत उत्तर देताना उभी राहत असेल तशी ती पाठ ताठ करून बसली.

"एका बाईजवळ दोन होते. ओंजळीत दोन मावेनात, म्हणून तिने एक विकलं. तिला वाटलं, सुटले. पण विकलेलं विसरता येत नाही. ते जन्मभर आपल्याच अंगावर राहतं. म्हणून ती म्हणते की जे विकलं, तेच माझं झालं."

शेजारच्या कारखान्यातले लूम खडखडत होते.

मग गुरुजी हसले. पोट हलेपर्यंत हसले, ठसका लागला, पोह्याचा एक कण उडून पुस्तकावर पडला. शुद्ध पुस्तकी मराठीत त्यांनी सगळ्यांना समजावलं की ही सुरती पोरगी गुजराती अर्थ लावून बसली. इथे घराघरावर 'वेचवानुं छे' अशा पाट्या लागतात ना, म्हणजे विकायचं आहे, तेच तिच्या डोक्यात. अगं, वेचणे म्हणजे विकणे नव्हे, उचलून घेणे. दोन झाडांखाली फुलांचा सडा पडलाय, हात दोनच, म्हणून कवी एका झाडाखालची फुलं उचलतो. सुपडू हसला. गुरुजी हसले म्हणून सुकलालही हसला, आणि पोरीला मूर्ख म्हणाला. हर्षदाची मान खाली गेली. कोपऱ्यात उभा असलेला भूपेंद्र तेवढा हसला नाही.

कलाबाईला तो शब्द चांगला ठाऊक होता. लग्नाआधी तिने दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला होता. तिच्या बोलीत येचनं. गुरुजी खरं तेच सांगत होते. पण पोरीने सांगितलेला अर्थ तिच्या छातीत रुतून बसला होता आणि काही केल्या निघत नव्हता. आपण या माणसांसाठी पोहे केले, चहात दोन चमचे साखर जास्त घातली, चादर काढली. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"असू दे, असू दे," गुरुजी म्हणाले. "मी आहे ना घरात, वहिनी. हळूहळू शिकवीन तिला."

त्यांनी हात हर्षदाच्या पाठीवर ठेवला, आणि ठेवूनच दिला. हर्षदा अंग चोरून पुढे सरकली. हातही तिच्याबरोबर सरकला.

सुकलालने नारळ आणायला सांगितलं. कलाबाई आत गेली, पण बाहेर आली ती मोकळ्या हाताने. गुरुजींच्या समोर उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला.

"गुरुजी, आम्हनी पोर अडाणी शे. एवढा साधा शब्द तिले समजत नही. तुम्हना घरमा ती शोभाव नही."

गुरुजींना वाटलं विनयाने बोलतेय. ते पुन्हा हसले. सुकलालने डोळे वटारले.

"आम्हले हाई सोयरीक करनी नही," कलाबाई म्हणाली.

हे मात्र सगळ्यांना समजलं. गुरुजींचा हात पाठीवरून निघाला. पुढची पाच-दहा मिनिटं नुसता गोंधळ. बोलावून अपमान केला म्हणत गुरुजींनी टोपी घातली, सुपडू खाटेखाली चपला शोधत राहिला, आणि सुकलाल बायकोला तोंडाला येईल ते बोलून पाहुण्यांची मनधरणी करत त्यांच्यामागे पर्वत पाटिया नाक्यावरच्या रिक्षापर्यंत धावला. पोराचं वाटोळं केलंस, हे त्याचं शेवटचं वाक्य सगळ्या गल्लीने ऐकलं. कलाबाईने चादर ओढून काढली आणि गरम पाण्यात बुडवली.

स्वयंपाकघरात हर्षदा गुडघ्यात डोकं घालून रडत होती. कलाबाई तिच्याजवळ टेकली. पोरीने काय अक्कल लढवली, याचं तिला मनातून कौतुक वाटत होतं. मुद्दामच तसं सांगितलंस ना, असं तिने हळूच विचारलं.

"नही माय," हर्षदा म्हणाली. "माले खरंच तोच अर्थ माहीत व्हता. सगळे माले हसत व्हतात."

पोर लग्न मोडलं म्हणून रडत नव्हती, चुकलेल्या उत्तरासाठी रडत होती. कलाबाईने तिला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला, आणि जा, अभ्यासाला बस म्हणाली. तिने डब्यात भाकरी भरल्या, वर मिरचीचा ठेचा ठेवला.

भूपेंद्र बाहेरच्या खोलीत नवा शर्ट उतरवत होता. बटणं काढायला त्याला वेळ लागायचा. शर्टाची घडी करून त्याने ती पिशवीत परत घातली, लूमवरचा मळका शर्ट चढवला. मग पुस्तकावरचा पोह्याचा कण नखाने उडवून त्याने ते फळीवर ठेवलं. सुट्टी घेतली होती, तरी तो पाळीला निघाला होता.

"ती कविता माले पाठ शे, माय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच कलाबाईला सोसवेना. "गुरुजी बराबर सांगत व्हतात. येचनं म्हंजे उचलनं. तू आज हर्षदाले उचली लिधं."

कलाबाईने डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"डबा ली जाय," ती म्हणाली.

त्याने तीन बोटांत डबा धरला आणि तिच्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेला.