उबैदचं इंजिन, हुमदची होडी

लढाई संपली, हानिश बेटं कुणाची हे साहेबलोकांनी ठरवलं. भोवतालचे मासे कुणाचे, ते राहिलंच. म्हणून आम्ही येमेनचे कोळी आणि समोरच्या इरिट्रियाचे कोळी, दोघांना बेटावर समोरासमोर बसवायचं ठरलं. आमच्या बाजूनं माझा मामा उबैद. त्याला छान बोलता येतं म्हणून नव्हे. गप्प बसवता येत नाही म्हणून.

बेट दिसू लागलं आणि सरकारी लाँच बंद पडली. आमचे साहेब ओकून ओकून हिरवे झालेले. तेवढ्यात पलीकडची एक होडी आली, दोर टाकून आम्हाला ओढू लागली. होडीवाला हुमद, तिकडच्या अफर जमातीचा काटकुळा माणूस, दात काढून हसत होता.

मामा त्याच्या इंजिनाकडे बघत होता. झाकणावर माझ्या मामीचं नाव.

"चोरा, हे माझं! लढाईत तुमच्या शिपायांनी पळवलं!"

"मी बाजारातून घेतलंय," हुमद म्हणाला. "दोर सोडू?"

"नको रे बाबा, ओढ!" साहेब कळवळले.

बेटावर चटया पडल्या, चहा आला. साहेबांनी घसा खाकरला. "मासेमारीच्या हक्काबद्दल तुमचं म्हणणं काय?"

"इंजिन," मामा म्हणाला.

"अहो, जाळी कुठं टाकायची, मासे कुठं वाळवायचे..."

"आधी इंजिन!"

हुमद उसळला. "घेऊन जा! लावणार कशाला? होडी आहे का तुझ्याकडे?"

मामा गप्प झाला. त्याची होडी लढाईत जळाली होती. मान खाली घालून तो नुसता वाळू चिवडत राहिला. त्याला असं मी कधी पाहिलं नव्हतं.

हुमदनं आपला चहा त्याच्यापुढं सरकवला. "तोंड नको पाडूस म्हाताऱ्या. होडी माझी, इंजिन तुझं. मासे निम्मे निम्मे."

"सुकाणू मी धरणार."

"म्हणजे पुन्हा लढाईच!"

दोघं तावातावानं भांडू लागले. साहेबांनी घाईघाईनं लिहिलं, 'दोन्ही बाजूंचं संपूर्ण एकमत', आणि आडवे झाले.

मोसमात दोघं खरोखरच एकत्र निघाले. मीही होतो. गस्तीच्या शिपायांनी अडवलं. "होडी कुठल्या देशाची?"

"पुढून यांची, मागून आमची," मामा म्हणाला. "गोळी घालायचीच तर मधे घाला, तिथं मेलेल्या मुशी ठेवल्यात."

शिपाई हसले, दोन मुशी उचलून चालते झाले. त्या मुशी कुणाच्या वाट्यातल्या, यावर दोघं किनाऱ्यापर्यंत भांडत आले.