दुसरं अर्थिंग

कॉम्प्युटरच्या पडद्यावरची रेघ मंगळवारीही सकाळपासून थरथरत होती. विरूपाक्ष सरांनी तिसऱ्यांदा वायर बदलली, मग तनुजाला पंखे बंद करायला सांगितले. लातूरच्या मे महिन्यात पंखे बंद झाले, तरी रेघ काही स्थिर होईना.

दाराजवळ बसून अयोध्याबाई भिंगं पुसत होत्या. त्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस. खोट कुठे आहे, हे त्यांना सोमवारीच कळलं होतं. सरांनी कॉम्प्युटरला खिडकीतून वेगळं अर्थिंग ओढून घेतलं होतं. मोजायचं यंत्र मात्र जुन्याच अर्थिंगवर होतं. अशा वेळी दोघांना जोडणाऱ्या वायरीतून नको तो प्रवाह फिरत राहतो आणि बारीक सिग्नल त्यात बुडून जातो.

बारा वर्षांमागे नांदेडच्या कॉलेजात सरांनी हेच केलं होतं. बाईंनी भीतभीत सांगितलं तेव्हा सर म्हणाले होते, तुम्ही काचा पुसा. पुढे पाहणीच्या दिवशी फजिती झाली, तर त्यांनी प्राचार्यांना सांगितलं की बाईंनी ओल्या हाताने वायरी हलवल्या. बाईंना मेमो मिळाला आणि पाठोपाठ लातूरची बदली. नवरा भगवानराव तेव्हा अंथरुणाला खिळलेले. रविवारी तेवढं बाईंना नांदेडला जाता यायचं. भगवानराव गेले ते बुधवारी.

आता सर इथे विभागप्रमुख होऊन आले होते. गुरुवारी विभागाच्या पाहणीला समिती येणार होती. बाईंना तो गुरुवार बघायचा होता.

तनुजा शिरूर अनंतपाळहून रोज एसटीने यायची. तिची पीएचडी याच मोजणीवर अडली होती. दोन महिने खपून तिने बनवलेले नमुने आठवडाभरच टिकणारे होते. बुधवारी तिने विचारलं, मावशी, तुम्हाला काही सुचतंय का?

"मला काय सुचणार, पोरी," बाई म्हणाल्या. "मी काचा पुसणारी."

गुरुवारी समितीच्या तिघांसमोर रेघ तशीच थरथरली. सरांनी घाम पुसला.

"ह्या मुलीनं काहीतरी हलवलंय," ते म्हणाले. "ओल्या हातानं वायरी धरते."

बाई उठल्या. समितीतल्या वयस्कर बाईंना विचारून त्यांनी सगळं बंद केलं, कॉम्प्युटरचा प्लग काढून यंत्राच्याच बोर्डात लावला आणि पुन्हा बटण दाबलं.

रेघ शांत झाली.

"दोन अर्थिंग केलं की असंच होतंय," बाई म्हणाल्या. "नांदेडला बी सांगितलं होतं ह्यांना. तवा माझे हात ओले होते, आज हिचे हाईत."

वयस्कर बाईंनी अयोध्याबाईंचं पूर्ण नाव विचारून लिहून घेतलं. सरांची मान खाली गेली ती समिती जाईपर्यंत वर आली नाही. बाई ती मान बघत उभ्या राहिल्या. बारा वर्षं त्यांना एवढंच बघायचं होतं.

खोली रिकामी झाल्यावर तनुजाने विचारलं, "मावशी, तुम्हाला कवापासून ठाऊक होतं?"

खोटं सांगता आलं असतं.

"सोमवारपासून," बाई म्हणाल्या.

तनुजाने मान हलवली. तिने नमुन्यांची डबी उघडून पाहिली. दोनच धड उरले होते. मग वही उघडून ती चार दिवसांची आकडेवारी खोडायला बसली. बाईंनी रेघा मारायला पट्टी पुढे केली. तिने ती घेतली नाही. नुसत्या हातानेच ती पानामागून पान खोडत राहिली.