माहेरचं कापड

जयवंतीने कापडाचं टोक मुठीत गच्च आवळलं, थोडं थांबली आणि मूठ उघडली. सुरकुत्या पडल्या त्या तशाच राहिल्या.

"हे नको. खुर्चीत बसून उठली की पाठीचं बोचकं होईल."

दुकानदार मितेशभाईंनी दुसरा तुकडा पुढे सरकवला. गडद निळा, ताग्याच्या शेवटाचा, म्हणून स्वस्त. हा मुठीतून सुटला आणि निमूट सपाट झाला. जयवंतीने तो लेकीच्या खांद्यावर टाकला. क्षितिजाने आरशात बघायच्या आधी दुकानाच्या दाराकडे बघितलं. आल्यापासून दोघींचं हेच चाललं होतं.

चोरी करायची तर ती अंगात असावी लागते. ह्या दोघींच्या नव्हती. विरारला, मनवेलपाड्यात घराखालीच कापडाची दुकानं असताना त्या रिक्षा बदलत वसई गावात आल्या होत्या. कारण घराखालच्या दुकानदारांना ठाऊक होतं, की जयवंतीचा नवरा दोन महिन्यांपूर्वी गेला आणि घरातला दुखवटा अजून निघालेला नाही. तो काढायचा माहेरच्यांनी. भावाने साडी आणायची, बहिणीला नेसायला लावायची, गोडाचा घास भरवायचा. मग घरात नवं कापड यायचं. त्याआधी साधा रुमालसुद्धा नाही. सासरे, आत्माराम, ह्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नव्हते. गेलेल्या मुलासाठी करता येण्यासारखं तेवढंच काय ते उरलं होतं, आणि ते त्यांना रीतसर करायचं होतं. कणकवलीचा भाऊ मात्र आज येतो, उद्या येतो म्हणत होता.

मुलाखत भावासाठी थांबणार नव्हती. ती सोमवारी होती, विमानतळाजवळच्या एका हॉटेलात, रिसेप्शनच्या जागेसाठी. काळा किंवा निळा ब्लेझर घालूनच या, असं त्यांनी कळवलं होतं. मैत्रिणीचा, पिंकीचा, मागून आणला तर तो क्षितिजाच्या खांद्यांवरून लोंबायला लागला. तयार घ्यायची ऐपत नव्हती. जयवंतीने आयुष्यभर ब्लाउज शिवले होते, ब्लेझर एकही नाही. पण खालच्या मजल्यावरच्या रोवेनाकडे बसून, तिच्या मशीनवर तो शिवायचा आणि घरात "पिंकीचाच आहे" म्हणून सांगायचं, असं मायलेकींचं ठरलं होतं. ही नोकरी लागणं भाग होतं. नुसत्या ब्लाउजांवर घर चालणार नव्हतं.

"एवढ्यात बसवाल?" मितेशभाईंनी टेप लावून विचारलं. "कॉलरला कमी पडेल हं. आणि एकदा कापलं की परत घेत नाही."

"थांबा. आधी अस्तर बघते."

अस्तराचे तागे आतल्या बाजूला, मोठ्या रॅकच्या मागे होते. जयवंतीने निळ्याला निळं जुळवायला घेतलं, तेवढ्यात क्षितिजाने तिचं मनगट पकडलं.

"आई, आजोबा!"

रॅकच्या फटीतून दार दिसत होतं. आत्माराम पायरीवर चपला काढत होते. आत येण्याआधी त्यांनीही मागे वळून रस्ता न्याहाळला.

"कुणी सांगितलं त्यांना? पिंकीने?"

"शू. गप्प बस," जयवंती कुजबुजली.

घरात ते ओरडले असते तर तिने ऐकून घेतलं असतं. इथे परक्यांच्या देखत, लेकीसमोर, नवऱ्याच्या नावाने काही बोलले तर काय करायचं, हे तिला सुचेना.

"साडी दाखवा," आत्माराम म्हणाले. "सुनेसाठी. रोज नेसता येईल अशी."

"कलर कुठला काका?"

आत्मारामांनी चष्मा सारखा केला.

"पांढरा सोडून कुठलाही."

साड्या उलगडल्याचा आवाज आला. मग आत्मारामांचा, खालच्या पट्टीतला.

"पिशवी साधी द्या. दुकानाचं नाव नको त्यावर. कणकवलीहून आली म्हणून सांगायचंय."

जयवंतीच्या हातातलं अस्तर तसंच राहिलं. म्हणजे दादा येणार नव्हता. आज नाही, उद्या नाही. सासऱ्यांना ते कळलं होतं आणि तिला कळू नये म्हणून ते एवढ्या लांब आले होते. तिला आधी दादाचा संताप आला. मग त्याहून जास्त वाईट वाटलं, सासऱ्यांसाठी.

"ताई!" मितेशभाईंनी बाहेरून हाक मारली. "ते ब्लेझरचं निळं कापू काय? का ठेवून देऊ?"

क्षितिजाने जोरजोरात मान हलवली. नको, नको. जयवंतीने तिचा हात सोडवला आणि ती रॅकमागून बाहेर आली.

"कापा, मितेशभाई."

आत्मारामांनी मान वळवली. त्यांच्यासमोर दोन साड्या पसरल्या होत्या, त्यांच्याच शेजारी निळं कापड आणि त्यावर कात्री. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मागून येणाऱ्या नातीकडे पाहिलं, मग कापडाकडे. इथे काय करताय, असं कुणीच कुणाला विचारलं नाही.

"नोकरीचं?"

"हो आजोबा. मंडेला इंटरव्ह्यू आहे. ब्लेझर कम्पल्सरी आहे."

"मी सांगणार होते, बाबा," जयवंती म्हणाली.

"कधी?"

"नोकरी लागल्यावर."

आत्मारामांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला.

"दोन्ही एकाच पिशवीत घाला," ते मितेशभाईंना म्हणाले. "एकाच माहेरून आलंय."

कात्री कापडातून सरसर चालू लागली. क्षितिजा रडतेय की हसतेय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. जयवंती कात्रीकडे बघत राहिली.

"बाबा, दादाचा फोन आला होता?"

"आला होता ना."

"काय म्हणाला?"

आत्मारामांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. पोस्टात उभी हयात काढलेल्या ह्या माणसाला खोटं बोलायची सवय नव्हती. वेळ लागत होता.

"म्हणाला, साडीचा रंग तिला विचारून घ्या."

जयवंतीने दोन्ही साड्यांवरून हात फिरवला. मग जांभळी उचलून त्यांच्यासमोर धरली.

"ही," ती म्हणाली. "दादाला माझी आवड बरोबर ठाऊक आहे."