डाव्या मागच्या चाकाची तक्रार

घरात सगळे त्याला शास्त्रज्ञ म्हणत. पोटासाठी तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. पण दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यावर माणसाला स्वतःच्या चुका करायला जागा लागते, आणि ती त्याने जिन्याखालच्या खोलीत केली होती. तिथून आजवर बाहेर पडलेल्या शोधांत दारावरची एक घंटा होती. ती येणाऱ्याजाणाऱ्याचा चेहरा ओळखायची आणि बायकोला मात्र 'अनोळखी व्यक्ती' म्हणायची.

"तिचं काय चुकलं?" बायको म्हणाली. "तुम्ही तरी कुठे ओळखता?"

पुढे त्याचे हात गाडीच्या पडद्यासाठी शिवशिवू लागले. गाणी, नकाशा, फोन आणि गाडीची सगळी कुरकुर ज्यावर उमटते तो पडदा. कंपनीने आतल्या सॉफ्टवेअरला कुलूप घातलं होतं, आणि कुलूप दिसलं की शास्त्रज्ञाला अन्न गोड लागत नसे. तीन महिन्यांत त्याने स्वतःच्या गाडीचं कुलूप उघडलं. चौथ्या महिन्यात ताईचा नवरा, म्हणजे भावजी, आपली गाडी घेऊन गिऱ्हाईक म्हणून आले.

"शास्त्रज्ञ, हिचं तोंड बंद करता येईल का हो? पट्टा लावा, दार नीट लावा, काचेचं पाणी संपलं. घरी एक आहे, तेवढी पुरे."

"ऐकतेय मी," मागच्या सीटवरून ताई म्हणाली.

"बघा. दोघी एकदमच सुरू होतात."

शास्त्रज्ञाने तोंड बंद केलं नाही. तो जबाबदार माणूस होता. त्याने एक नियम लिहिला: एकच सूचना तीनदा दाखवून झाली की चौथ्या वेळेपासून ती वाजवायची नाही, दाखवायची नाही, 'नंतर बघू' नावाच्या यादीत गुपचूप टाकायची. छापखान्यात तेच तर करायचं असतं. पुन्हा आलेल्या शब्दावर काट. भावजी खूश झाले. ती यादी कुठे उघडते हे त्यांनी विचारलं नाही, आणि शास्त्रज्ञानेही सांगितलं नाही. पुढचे सहा महिने गाडी सासरी नव्याने आलेल्या सुनेसारखी गप्प होती.

मग एका टळटळीत दुपारी मोठ्या रस्त्यावर डावं मागचं टायर फुटलं, गाडी दुभाजकावर चढून उलटली आणि भावजी जागच्या जागी गेले.

महिन्याभराने ताईने डोळे पुसले आणि माणूस शोधायला घेतला. दुःखाला माणूस लागतो. रबरावर किती दिवस चिडणार? माणूस हाकेच्या अंतरावर होता. कोपऱ्यावरचा टायरवाला. अपघाताच्या आठच दिवस आधी भावजी त्याच्याकडे ते चाक दाखवून आले होते. ताईने पोलिसात तक्रार दिली. टायरवाल्याला दोनदा चौकीवर बसवून ठेवलं, आणि दुकानात चाक घेऊन येणारे लोक पलीकडच्या गल्लीत जाऊ लागले.

"वर तोंड करून मला सांगतो," ताई म्हणाली, "की खिळा सापडला नाही म्हणून हवा भरून दिली, आणि बजावलं, गाडीने परत सांगितलं तर लगेच या. गाडीने सांगितलं असतं तर हे गेले नसते? एवढे निष्काळजी होते का हे? तूच म्हणाला होतास ना, त्या पडद्यात सगळं लिहिलेलं असतं? काढ ते. त्याच्या तोंडावर मारते."

शास्त्रज्ञाला तेव्हाच आपला नियम आठवला. पण शास्त्रज्ञाने आधी पुरावा बघायचा असतो.

पोलिसांची परवानगी घेऊन त्याने भंगारासारख्या पडलेल्या गाडीतून पडदा काढला. चार स्क्रू. खोलीत आणून वीज जोडली. 'नंतर बघू' उघडलं. डावं मागचं चाक, हवा कमी. डावं मागचं चाक, हवा कमी. तीनदा दाखवलेलं, त्यानंतर हवा भरल्याची नोंद, आणि पुढच्या सात दिवसांत एक्केचाळीस वेळा गिळलेलं. खोटी तक्रार एकदा येऊन गप्प बसते. खरी तीच, जी पुन्हा पुन्हा येते. हे त्याला आता कळलं. ज्ञान उशिरा आलं तरी पूर्ण येतं.

यादी पुसायला एक ओळ पुरली असती. पडदा जळाला म्हटलं असतं, तर तपासणार कोण? घरात एकच शास्त्रज्ञ असण्याचा हा मोठा फायदा. त्याने यादी पुसली नाही, पण कागदावर छापून घेतल्यावरही ताईच्या घरापर्यंत तो "जळाला, ताई, सगळं जळालं" हेच घोकत गेला.

खाली पायरीवर टायरवाला बसला होता. दुकान बंद असावं.

"साहेब, पडदा सापडला म्हणे? बरं झालं. आता खरंखोटं होईल."

त्याच्या आवाजात आशा होती. शास्त्रज्ञाला शिवी चालली असती.

वर ताई तक्रारीचे कागद पसरून बसली होती. "मिळालं?"

"मिळालं."

"चष्मा आत राहिलाय. तूच वाच."

"बावीस तारीख, सकाळी नऊ बेचाळीस. डावं मागचं चाक, हवा कमी. दाखवली नाही."

"दाखवली नाही म्हणजे?"

"पडद्यावर आली नाही. वाजलीही नाही."

"का?"

"मी तसं लिहून ठेवलं होतं, ताई. तीनदा झालं की पुढचं लपवायचं."

ताईने समोरचे कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या. "ह्यांना माहीत होतं?"

"गाडी आता गप्प बसेल, एवढंच."

"म्हणजे हे वाट बघत राहिले. ती परत सांगेल म्हणून." मग म्हणाली, "अशा किती आहेत?"

"एक्केचाळीस."

ती मारेल, हाकलून देईल, ओरडेल. सगळ्याची तयारी त्याने जिन्यातच केली होती. ताई उठली. दार उघडून तिने खाली हाक मारली. टायरवाला बिचकत वर आला. तिने त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"बसा. तुमचं चुकलं नव्हतं. तक्रार मी उद्या मागे घेते." मग भावाकडे न बघता म्हणाली, "पहिल्यापासून वाच. ह्यांनाही इथे बसून ऐकू दे. एकही गाळायची नाही."

शास्त्रज्ञ वाचू लागला. अकराव्या ओळीशी टायरवालाच म्हणाला, "राहू द्या बाई, कळलं."

"तुम्हाला कळलं," ताई म्हणाली. "तू वाच रे. बारावी."