उकळलेला स्प्लिंट

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे माझे पेशंटसुद्धा सांगतील. पण त्या दुपारी मामाच्या सलूनमध्ये शिरल्यावर मी जे पाहिलं, त्याने कुणाचाही पारा चढला असता. मामा डाव्या हातातल्या चिमट्याने गरम पाण्याच्या भांड्यातून काहीतरी पांढरं, लिबलिबीत उचलत होता. मामाच्या हातासाठी मी खपून बनवलेला स्प्लिंट होता तो.

"हे असं का झालं गं?" मामाने विचारलं.

"तू तो उकळलास?"

"मग काय, तसाच घालू? माझ्या दुकानात उकळल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या मानेला काही लागत नाही."

मी कपाळाला हात लावला. आजारी नाहीतर जखमी हातांना पुन्हा कामाला लावणं आणि त्यांच्यासाठी मापाचे आधार, म्हणजे स्प्लिंट, घडवणं हा माझा धंदा. ज्या प्लास्टिकचे ते बनतात ते गरम पाण्यात मऊ होतं, हातावर घडवलं की गार होऊन कडक होतं, आणि पुन्हा गरम पाण्यात टाकलं की सगळं विसरून सपाट होतं. हे मी मामाला सांगितलं नव्हतं. वस्तरा आणि कंगवे उकळण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला हे सांगायला हवं, हे मला सुचलंच नाही.

एरवी मी दुसरा बनवून दिला असता. पण तेव्हा तीन वाजून गेले होते, आणि चार वाजता शेजारचा मोबाइलवाला येणार होता.

झालं होतं असं. दोन महिन्यांपूर्वी मामा जेवून दुकानातल्याच खुर्चीत झोपला, उजवा हात खुर्चीच्या पाठीवर टाकून. कुंभकर्णाचा वंशज तो. जागा झाला तेव्हा मनगटाने मान टाकलेली होती. मूठ वळायची, पण अंगठा आणि बोटं उघडायची नाहीत. डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे, तुटलेली नाही, परत येईल, पण महिने लागतील. तोवर कात्री मिटणार, उघडणार कोण? दुकान बंद पडलं. मोबाइलवाल्याला दुकान वाढवायचं होतं, त्याने विचारणा केली. मामी तयार झाली. तिचंही चुकलं नव्हतं. रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलेला नवरा तिला बघवत नव्हता.

मामाने मात्र मोबाइलवाल्याला अट घातली: "शुक्रवारी चारला ये. तुझेच केस कापतो. तू आरशात बघून बरे म्हणालास तर दुकान माझं. नाहीतर किल्ली तुझी." आणि आज शुक्रवार होता.

"क्लिनिकमध्ये जमलं होतं मला," मामा खुर्चीच्या हातावर टेकत पुटपुटला. "कागद कसा सरसर कापला."

"टेबलावर कोपर टेकवून कापलास," मी म्हणाले, आणि माझं मलाच लख्ख दिसलं. गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहून मामा कुठे कोपर टेकवणार होता? हात खांद्याइतका वर, मनगट करंगळीकडे किंचित कललेलं. माझा तो सुंदर स्प्लिंट उकळला नसता, तरी चार वाजता फसलाच असता.

"मामी, खुर्चीत बस," मी दारात उभ्या असलेल्या मामीला म्हणाले.

"माझ्या केसांना हात लावलात तर बघा," मामी म्हणाली, पण बसली.

मामा तिच्या मागे उभा राहिला, कात्री धरून. तेच भांडं, तेच पाणी. मी प्लास्टिक टॉवेलने टिपलं, आधी माझ्या मनगटावर लावून चटका पाहिला, मग मामाच्या हातावर पातळ सुती मोजा चढवून त्यावरून घातलं.

"हात वर. अजून. केस काप तिचे, खोटेखोटे."

"खोटेखोटेच हं," मामी आरशातून म्हणाली.

मी ते प्लास्टिक तळव्याच्या रेषांत दाबून धरलं, मनगट सावरलं, आणि ते कडक होईपर्यंत श्वाससुद्धा हळू घेतला. बॅगेतून नवे पट्टे काढले. अंगठ्याला कातड्याची कडी घालून ती स्प्लिंटला रबराने बांधली. मिटण्याचं काम मामाच्या अंगठ्याचं, उघडण्याचं रबराचं.

कात्री मिटली. उघडली. मामाने पुन्हा केलं. मग तो थांबेचना, हवेतच कापत सुटला, आणि मामीने दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

मोबाइलवाला वेळेवर आला. खुर्चीत बसण्याआधी त्याने स्प्लिंटकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "कान शाबूत राहतील ना, ताई?"

"जिभेपेक्षा तरी जास्त काळ राहतील," मी म्हणाले.

त्याच्या मागच्या केसांना दुसऱ्या कुणीतरी चक्क पायऱ्या पाडल्या होत्या. मामाने चूक केली: सुरुवात तिथूनच केली. सगळ्यात अवघड जागा. पहिल्याच फटक्याला कात्री अडकली. रबर कमी पडत होतं. मामाच्या मानेवर घाम आला. मामीने डोळे मिटले. मी मधे शिरून रबराला एक गाठ मारली, ते ताणलं आणि बाजूला झाले.

मग तो आवाज सुरू झाला. लहानपणापासून ओळखीचा, बारीक, न थांबणारा. पायऱ्या एकेक करून गेल्या. मामा वाकला, मागे सरला, मान तिरपी करून बघितलं, पुन्हा वाकला. त्याला आम्ही कुणी दिसत नव्हतो. मी रडत होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

मामाने त्याच्या मागे छोटा आरसा धरला. मोबाइलवाल्याने मानेवरून हात फिरवला. एकदा, परत एकदा. मामीने कमरेची किल्ली घट्ट धरली होती.

शेवटी त्याने खिशातून फोन काढला आणि घरी लावला. "दुकान काही मिळत नाही," तो म्हणाला. "बाबांना इकडे पाठव. त्यांचे केस फार वाढलेत."

मामाने टॉवेल झटकला.

"लगेच या म्हणावं," तो म्हणाला. "संध्याकाळी गर्दी होईल."