उलिसेसला विचारा

नेलिदा बाथरूमच्या आरशासमोर भाषणाची शेवटची उजळणी करत होती, तेवढ्यात उलिसेसने मारित्साला जिन्याच्या कोपऱ्यात नेलं.

"सेन्योरा मारित्सा, एक सांगायचंय. पण नेलिदाला इतक्यात कळू देऊ नका."

मारित्सा ओयार्सोला यात नवल वाटलं नाही. कन्सेप्सियोन शहरातल्या छोट्या कंपन्यांना सरकारी निधी मिळवून द्यायचं तिचं काम होतं, त्यातही आरोग्याची नवी उपकरणं बनवणाऱ्यांना. कुणी जखमेवरची पट्टी घेऊन यायचं, कुणी काविळीच्या तान्ह्या बाळांसाठी दिवा. काय करणार, कोण करणार आणि काय बिघडू शकतं, हे ती त्यांच्याकडून साध्या शब्दांत वदवून घ्यायची, अर्ज नीट लिहून घ्यायची, परीक्षकांसमोर उभं राहायची तालीम करून घ्यायची. मुलाखतीच्या दिवशी हमखास कुणीतरी कच खायचं. आज नेलिदाच्या कंपनीची पाळी होती. मारित्साला वाटलं, उलिसेसचंही तसंच असेल.

"मी नोकरी घेतली," उलिसेस म्हणाला. "अंतोफागास्ताला, लांब उत्तरेला, तांब्याच्या खाणीत. काल सही केली. पुढच्या महिन्यात निघायचंय."

मारित्साने हातातली कॉफी खिडकीत ठेवली.

"अर्जात तांत्रिक प्रमुख कोण आहे, उलिसेस?"

"मी."

"तू दोन वर्षं पूर्ण वेळ राहणार, असं कुणी लिहून दिलंय?"

त्याने बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. कंपनीच्या वतीने सही नेलिदाची होती, हे दोघांनाही माहीत होतं.

"निधी मंजूर होईपर्यंत कळ काढू," तो घाईघाईने म्हणाला. "मग ती दुसरा कुणी बघेल. यंत्र जवळजवळ तयारच आहे. पामेलाला सातवा महिना लागलाय, सेन्योरा. आम्ही अजून सासूबाईंच्या मागच्या खोलीत राहतोय. किती दिवस नुसत्या आशेवर काढायचे?"

"तू नोकरी घेतलीस म्हणून मी तुला बोल लावत नाही. पण हे नंतर उघडकीस आलं तर तिच्याकडून निधी परत मागतील आणि पुन्हा तिला दारात उभं करणार नाहीत. तू असशील उत्तरेला. आत्ता जाऊन सांग. नाहीतर मी सांगते."

"मीच सांगतो. मला सांगू द्या."

तो बाथरूमच्या दाराशी जाऊन उभा राहिला. नेलिदा बाहेर आली. त्याने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी सभागृहाचं दार उघडून कारकून ओरडला, "त्रागोवाले कोण? आधीची मंडळी आलेली नाहीत. तुम्हीच चला आत!"

त्रागो म्हणजे घोट, नेलिदाच्या कंपनीचं नाव. हे नाव दारूच्या दुकानाला शोभेल असं मारित्साने किती वेळा सांगितलं, पण नेलिदा हटली नव्हती.

"चल रे लुकड्या," नेलिदा म्हणाली. "आणि तोंड असं का केलंयस? अंत्ययात्रेला आलायस का?"

मारित्सा पुढे झाली, पण नेलिदा यंत्राची पेटी उचलून केव्हाच आत शिरली होती.

आत तीन परीक्षक बसले होते. अध्यक्ष बाराओना आणि त्यांच्या शेजारी फुफ्फुसांच्या एक डॉक्टरीणबाई. तिसरे गृहस्थ हिशेब बघणारे. सल्लागारांना मागच्या खुर्चीवर बसायची मुभा होती, बोलायची नव्हती. मारित्सा मागे बसली.

नेलिदा छान बोलली. "मी हॉस्पिटलात स्पीच थेरपिस्ट आहे. अर्धांगवायू झालेल्या माणसांना पुन्हा गिळायला शिकवते. तुम्हाआम्हाला घास चुकीच्या नळीत गेला की ठसका लागतो. त्यांच्यातल्या काहींना ठसकाच लागत नाही. जेवण फुफ्फुसात जात राहतं आणि घरच्यांना वाटतं, आज बाबा पोटभर जेवले. मग न्यूमोनिया होतो. हा पट्टा गळ्याशी बांधायचा. घास नीट गेला तर हिरवा दिवा, चुकला तर लाल."

तिने पट्टा स्वतःच्या गळ्याला बांधून दह्याचा चमचा तोंडात घातला. हिरवा दिवा लागला. डॉक्टरीणबाई पुढे झुकून बघू लागल्या.

एरवी मारित्साला एवढ्यावर हायसं वाटलं असतं. आज ती उलिसेसच्या मानेकडे बघत होती. मान घामाने भिजली होती.

"यंत्राचं सगळं ज्ञान एकाच माणसाकडे दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे सेन्योर उलिसेस पिंचेइरा सोडून गेले तर?"

हा प्रश्न तालमीत झाला होता. नेलिदा मोकळेपणाने हसली.

"हा? हा कुठे जातोय! याला माझ्या आईच्या हातच्या कासुएलाच्या रश्श्याची सवय लागलीय. एवढं मटण त्याला दुसरं कोण वाढणार?"

"म्हणजे दोन वर्षं नक्की?"

"लिहून घ्या."

बाराओनांनी खरंच लिहून घेतलं. उलिसेस टेबलाच्या कडेवर नख घासत राहिला. त्याने डोकं वर केलं नाही.

मारित्सा खोकली. त्याने ऐकलं, हे त्याच्या खांद्यांवरून कळलं. तरी त्याने नख घासणं थांबवलं नाही. हिशेबवाल्या गृहस्थांनी पुढचा प्रश्न काढला, हॉस्पिटलच्या परवानगीबद्दल. नेलिदा उत्तर द्यायला वळली. एकदा का ही मुलाखत संपली, की ते वाक्य तिच्या नावावर कायमचं राहणार होतं.

मारित्सा उठून उभी राहिली.

"माफ करा. मघाचा प्रश्न उलिसेसला विचारा."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"सेन्योरा ओयार्सो," बाराओना म्हणाले, "नियम तुम्हाला नवा नाही. खाली बसा."

"बसते. पण त्याला विचारा."

"आणखी एक शब्द बोललात तर ही मुलाखत रद्द करीन!"

मारित्सा बसली.  नेलिदा तिच्याकडे अशी बघत होती, की जणू ही बाई भर रस्त्यात अंगावर धावून आली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "विचारायला काय हरकत आहे? सेन्योर पिंचेइरा, तुम्ही राहणार आहात ना?"

 नेलिदाने आवंढा गिळला आणि तिच्या गळ्याशी हिरवा दिवा लागून विझला.

"नाही," उलिसेस म्हणाला. "मी नोकरी घेतलीय. हिला माहीत नाही. हिला यातलं काहीच माहीत नाही."

नेलिदाने गळ्याचा पट्टा सोडायला घेतला. तो तिला चटकन सुटेना. मदतीला कुणी उठलं नाही.

"आपल्याला काही सांगायचंय?" बाराओनांनी नेलिदाला विचारलं. त्यांचा आवाज आता उतरला होता.

"मी लिहून घ्या म्हटलं होतं," नेलिदा म्हणाली, "ते खोडा."

बाहेर आल्यावर ती उलिसेसशी नाही, आधी मारित्साशी बोलली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"आत जायच्या जरा आधी."

"मग दारात माझा हात धरायला काय झालं होतं? मी तिथे विदूषकासारखी कासुएलाच्या गप्पा मारत होते!"

"वाटलं, तो सांगेल. आतसुद्धा मला वाटत होतं, आता सांगेल."

"नेली, पामेलाच्या..." उलिसेसने सुरुवात केली.

"पामेलाचं नाव काढू नकोस. तिच्या बाळाची शाल मी विणतेय, गाढवा! मला सांगितलं असतंस तर तुझी बॅग मी भरून दिली असती. आणि आजच्या मुलाखतीला आलेच नसते."  पेटी छातीशी धरून ती एकटीच जिना उतरून गेली.

निधी मिळाला नाही. मारित्साला त्या वर्षी मुलाखतींना बसायची बंदी झाली, आणि आत उठून बोलणारी सल्लागार नको म्हणून काही गिऱ्हाइकं गेली. उलिसेस अंतोफागास्ताला गेला. खाणीच्या सुट्टीत तो परत यायचा, तेव्हा नेलिदाने नव्याने घेतलेल्या इंग्रिड नावाच्या मुलीला पट्ट्याची जोडणी शिकवायचा. नेलिदा त्याला कामाच्या खोलीत येऊ द्यायची. जेवायला मात्र बोलवायची नाही.

पुढच्या फेरीचे अर्ज निघाले तेव्हा मारित्साचा फोन वाजला.

"इंग्रिडची तालीम घ्यायचीय," नेलिदा म्हणाली. "तिला बोलताना घाम फुटतो. याल का?"

"येते."

"मी अजून रागावलेली आहे, हे सांगून ठेवते."

"ठीक आहे."

"आई विचारतेय, जेवून जाल का?"

मारित्सा त्या दिवशी जेवायला थांबली.  मग तिने ताटं बाजूला सरकवून इंग्रिडला समोर उभं केलं आणि एकेक अवघड प्रश्न विचारायला लागली. नेलिदा दारात उभी राहून ऐकत होती, आणि इंग्रिड अडखळली की तिच्याआधी हिचेच ओठ हलायचे.

त्या खेपेला निधी मिळाला, मागितला होता त्याहून कमी. मारित्साला ते वर्तमानपत्रातून कळलं. नेलिदाचा फोन आला, पण दुसऱ्या दिवशी; राग अजून थोडा उरला होता.